घरच्या सीएनसी लेथसाठी स्वयंचलित टूल चेंजर: बांधणी आणि वायरिंगविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील उत्तरे एका ठरावीक रचनेला धरून लिहिली आहेत: लहान सीएनसी (संगणकाच्या आज्ञांवर चालणारा) लेथ, त्याच्या क्रॉस स्लाइडवर (जॉबच्या दिशेने आडव्या सरकणाऱ्या भागावर) बसवलेला उभ्या अक्षाचा चार टूलचा विद्युत टरेट, म्हणजे टूल धरून फिरणारे डोके, आणि घरात येणारा २३० व्होल्टचा सिंगल फेज पुरवठा. आठ टूलचा किंवा आडव्या अक्षाचा टरेट बांधणाऱ्यांनाही यातील बराच भाग उपयोगी पडेल, कारण अडचणी बहुतेक त्याच आहेत. मला स्वतःला टूल फिरवण्याची यंत्रणा जुळवायला फार दिवस लागले नाहीत. फिरवलेले टूल दर वेळी त्याच जागी घट्ट बसले आहे, याची नियंत्रकाला खात्री पटेल अशी सोय करण्यात मात्र कित्येक महिने गेले. म्हणून उत्तरांचा भरही तिथेच आहे.

माझ्या लेथला टूल चेंजरची खरोखर गरज आहे का?

जॉब (कापायचे तुकडे) लहान व्यासाचे असतील आणि टूल तीन-चारच लागत असतील, तर आधी गँग टूलिंगचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यात क्रॉस स्लाइडवरच्या एका जाड प्लेटवर टूल ओळीने बसवलेली असतात आणि नियंत्रक केवळ एक्स अक्ष (क्रॉस स्लाइडची आडवी चाल) सरकवून हवे ते टूल जॉबसमोर आणतो. फिरणारा, उचलला जाणारा किंवा लॉक होणारा एकही भाग नसल्यामुळे टूलची जागा बिघडण्याचे मोठे कारणच त्यात उरत नाही. मात्र दोन टूलमध्ये जॉबच्या व्यासापेक्षा जास्त अंतर सोडावे लागते. त्यामुळे २५ मिलिमीटरच्या बारसाठी चार टूल लावायची म्हटली, तरी टूलच्या रांगेसाठीच एक्स अक्षाला १२० मिलिमीटरच्या आसपास प्रवास लागतो, आणि घरगुती लेथच्या क्रॉस स्लाइडला तेवढा प्रवास सहसा नसतो. मोठा व्यास, लांब बोअरिंग बार, किंवा रफिंग, फिनिशिंग, आटे आणि पार्टिंग अशी चारही टूल दर जॉबला लागणारे वीस-पंचवीस सारखे जॉब असतील, तर टरेटचा खटाटोप सार्थकी लागतो.

तयार टरेट घ्यावा की स्वतः बनवावा?

लेथ पुरेसा मोठा असेल तर तयार टरेट घ्यावा. एलडी४बी या नावाने मिळणारे चिनी बनावटीचे चार टूलचे टरेट या कामात सर्रास वापरले जातात. त्यांच्या नावापुढे बहुधा एक चार अंकी आकडा असतो आणि तो लेथच्या आकारावरून आलेला असतो. ६१३२ मधील ३२ याचा अर्थ बेडवर ३२० मिलिमीटर व्यासाचा जॉब फिरू शकणारा लेथ. मात्र आकड्यावर विसंबून ऑर्डर देऊ नये. क्रॉस स्लाइडच्या वरच्या पृष्ठभागापासून स्पिंडलच्या (जॉब फिरवणाऱ्या शाफ्टच्या) मध्यापर्यंतची उंची स्वतः मोजावी, आणि टरेटच्या तळापासून टूल बसण्याच्या जागेपर्यंतची उंची अधिक टूल शँकची (टूलच्या दांड्याची) उंची ही बेरीज तिच्यापेक्षा किंचित कमी येते ना, हे पाहावे. कमी पडलेली उंची खाली प्लेट देऊन भरून काढता येते. जास्त झालेल्या उंचीवर सोपा उपाय नाही. कंपाउंड स्लाइड (क्रॉस स्लाइडवरची कोनात फिरवता येणारी लहान स्लाइड) बहुतेक वेळा काढूनच टाकावी लागते आणि ते चांगलेच आहे, कारण एक सांधा कमी होतो.

टेबलावर मावणाऱ्या मिनी लेथवर हे टरेट उंचीत बसत नाहीत आणि त्यांचे वजनही त्या क्रॉस स्लाइडला जड जाते. अशा लेथसाठी स्वतः बनवणे हाच मार्ग उरतो.

हा टरेट आतून चालतो कसा?

मोटर एका वर्मला फिरवते, वर्म वर्म व्हीलला फिरवतो, आणि वर्म व्हील मध्यभागी असलेल्या जाड आट्याच्या स्क्रूला फिरवते. मोटर सुलट फिरू लागली की या आट्यांमुळे टरेटचे डोके आधी वर उचलले जाते आणि खालच्या दातेरी रिंगमधून सुटते. पुरेसे वर आले की एक पिन गुंतते आणि तिथून पुढे डोके स्क्रूबरोबर गोल फिरू लागते. हवी ती जागा ओलांडताच मोटर थांबवून उलट फिरवली जाते. आता डोके मागे येऊ पाहते, पण एक खटका त्याला अडवतो. फिरता येत नसल्यामुळे स्क्रू त्याला खाली ओढतो, वरचे आणि खालचे दाते एकमेकांत बसतात आणि टूल लॉक होते. वर्मच्या आट्यांचा कोन लहान असल्याने मोटरचा पुरवठा बंद केल्यावरही तो उलट फिरत नाही, म्हणून लॉक टिकून राहते.

या क्रमातून दोन गोष्टी निघतात. टरेट एकाच दिशेने जागा बदलतो, त्यामुळे दुसऱ्या टूलवरून पहिल्यावर यायचे असेल तर तीन जागा पुढे जावे लागते. आणि लॉक होताना मोटर दर वेळी अडते, म्हणजे वीज चालू आणि शाफ्ट थांबलेला अशी तिची अवस्था होते. ही अवस्था किती वेळ टिकू द्यायची, हा पुढच्या अनेक उत्तरांचा विषय आहे.

अचूकता किती मिळते, आणि ती मोजायची कशी?

टूल परत त्याच जागी किती अचूक येते, याला इथे महत्त्व आहे. ते मुळात कुठे आहे याला फारसे नाही, कारण कायमचा फरक ऑफसेटमध्ये (नियंत्रकात प्रत्येक टूलसाठी भरलेल्या दुरुस्तीत) भरून काढता येतो. टर्निंग टूलचे टोक टरेटच्या अक्षापासून ६० मिलिमीटरवर आहे असे समजू. डोके एका मिनिटाने, म्हणजे एका अंशाच्या साठाव्या भागाने, चुकीच्या कोनात बसले तर टोक सुमारे ०.०१७ मिलिमीटर सरकते. ही सरक झेड दिशेला (स्पिंडलच्या अक्षाच्या दिशेने) होते, म्हणजे खांद्याची लांबी तेवढी चुकते आणि व्यास जवळपास तसाच राहतो. पण बोअरिंग बारचे टोक चकच्या दिशेने अक्षापासून १२० मिलिमीटर पुढे आलेले असते. तीच एका मिनिटाची चूक तिथे ०.०३५ मिलिमीटरची होते, ती एक्स दिशेला होते, आणि व्यासात दुप्पट म्हणजे ०.०७ मिलिमीटर दिसते. बाहेरचे व्यास बरोबर येतात आणि बोअर मात्र कधी सैल, कधी घट्ट होतो, अशी तक्रार ऐकली की मी सर्वांत आधी लॉकच्या कोनाकडे पाहतो.

मोजण्यासाठी लिव्हर डायल चुंबकी स्टँडने बेडवर पक्का करावा, त्याची सुई लॉक झालेल्या टूलच्या बाजूला टेकवावी, आणि क्रॉस स्लाइड न हलवता निदान वीस वेळा पूर्ण फेरी करून दर वेळचे वाचन वहीत लिहावे. फिरताना डोके डायलला धडकू नये म्हणून डायल दर वेळी बाजूला सारून पुन्हा त्याच ठिकाणी आणावा लागतो, आणि त्या हालचालीचीच चूक किती आहे हे टरेट न फिरवता आधी तपासून घ्यावे. नंतर हेच मोजमाप लांब बोअरिंग बारच्या टोकाशी करावे. वाचने एकाच दिशेने हळूहळू सरकत असतील तर काहीतरी सैल होत आहे, आणि अधूनमधून एखादेच वाचन उडी मारत असेल तर धातूचा कीस अडकत आहे, असा माझा अनुभव आहे.

स्वतः बनवताना लॉकिंगची रिंग कशी करावी?

दातेरी रिंगची जोडी अचूक कापून घेणे महाग आणि कठीण असते. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात किंवा पुण्याजवळच्या भोसरीत वायरकट आणि ग्राइंडिंगची सुटी कामे करून देणारे कारखाने आहेत. तरीही दोन रिंगांचे सगळे दाते एकाच वेळी टेकायला हवे असतील, तर त्या शेवटी एकमेकींवर घासून घ्याव्याच लागतात.

घरी जमण्याजोगा आणि आश्चर्य वाटावे इतका चांगला मार्ग बेअरिंगच्या गोळ्यांचा आहे. एकाच पाकिटातील, एकाच मापाच्या कडक स्टीलच्या गोळ्या खालच्या प्लेटमधल्या गोल खोबणीत एकमेकींना चिकटून, अगदी दाटून बसवाव्यात, आणि वरच्या प्लेटमध्येही तितक्याच गोळ्या तशाच बसवाव्यात; वरच्या गोळ्या खालच्या दोन गोळ्यांमधील खळग्यात बसतात. गोळ्यांची संख्या चाराने भाग जाणारी असली पाहिजे, नाहीतर ९० अंश फिरल्यावर खळगे जुळणार नाहीत. प्रत्येक गोळीची थोडीथोडी चूक असली तरी सगळ्या मिळून ती एकमेकींना खाऊन टाकतात. दुसरा मार्ग तीन गोळ्या आणि व्ही आकाराच्या खोबणींचा आहे. तीन गोळ्या १२० अंशांवर आणि चार जागा ९० अंशांवर हव्या असल्यामुळे खोबणी दर ३० अंशाला, म्हणजे एकूण बारा लागतात. तो मोजमापाच्या उपकरणाला शोभणारा मार्ग आहे. जोरदार कट घेणाऱ्या लेथवर तीनच ठिकाणी टेकलेले डोके मला कमकुवत वाटते.

सेंटर हाइट किती काटेकोर असावी?

टूलचे टोक स्पिंडलच्या मध्यापेक्षा ०.१ मिलिमीटर खाली असेल तर १० मिलिमीटरच्या व्यासात केवळ ०.००२ मिलिमीटरचा फरक पडतो, पण फेसिंग करताना मध्यभागी ०.२ मिलिमीटर व्यासाचा उंचवटा शिल्लक राहतो आणि पार्टिंग टूलवर विनाकारण ताण येतो. प्रत्येक टूलखाली त्याच्या स्वतःच्या मापाच्या शिम (पातळ पट्ट्या) ठेवाव्यात आणि त्या टूलबरोबर बांधूनच ठेवाव्यात.

टरेटची मोटर थ्री फेज आहे आणि घरात सिंगल फेज. काय करावे?

तयार टरेटची मोटर बहुधा १२० वॉटच्या आसपासची थ्री फेज असते. सर्वांत चांगला उपाय म्हणजे सिंगल फेज घेऊन थ्री फेज देणारा सर्वांत लहान व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह). सुलट आणि उलट या आज्ञा त्याच्या दोन इनपुटना देता येतात, त्यामुळे कॉन्टॅक्टरची (मोटरचा पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युत स्विचची) जोडी लागत नाही, आणि मोटरच्या पाटीवरचा करंट त्यात भरला की अडलेल्या मोटरचे संरक्षणही होते. त्याचा प्रवेग-काळ ०.१ ते ०.२ सेकंद इतका कमी ठेवावा. मात्र २३० व्होल्टवर चालणाऱ्या व्हीएफडीतून २३० व्होल्टच बाहेर येतात, म्हणून स्टार जोडणीत ४०० व्होल्टच्या आसपास चालणारी मोटर डेल्टा जोडणीत बदलावी लागते. टर्मिनल बॉक्समध्ये सहा टोके असतील तर हे पाच मिनिटांचे काम आहे. तीनच टोके बाहेर आली असतील तर स्टारचा सांधा वाइंडिंगच्या आत असतो, आणि तो बाहेर काढण्याचे काम मोटर रिवाइंड करणाऱ्या कारागिराकडे द्यावे.

कपॅसिटर लावूनही अशी मोटर सिंगल फेजवर चालते. डेल्टा जोडणीत दर किलोवॉटला सुमारे ७० मायक्रोफॅरड, म्हणजे १२० वॉटला साधारण ८ मायक्रोफॅरडचा रनिंग कपॅसिटर लागतो, आणि दिशा बदलण्यासाठी फेजची वायर कपॅसिटरच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकावर न्यावी लागते. पण सुरुवातीचा टॉर्क फारच घटतो आणि त्याबरोबर लॉकचा दाबही. डोके फिरते, टूल बदललेले दिसते, आणि जड कट लागला की ते किंचित हलते. ज्या यंत्राकडून आपण मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची अपेक्षा करतो, त्यासाठी मी हा उपाय सुचवणार नाही.

स्वतःच्या बनावटीच्या टरेटला मोटारीच्या काचेच्या वायपरची मोटर लावणारे बरेच जण आहेत. तिच्यात वर्म गिअर तयारच असतो. फक्त काही वायपर मोटरमध्ये ऋण ब्रश थेट बॉडीला जोडलेला असतो. दिशा उलटवताच संपूर्ण लेथ धन टोकाला जोडला जाऊ नये, म्हणून तो ब्रश आधी बॉडीपासून सोडवून घ्यावा.

कॉन्टॅक्टर वापरायचे असतील तर वायरिंग कशी करावी?

घरात थ्री फेज पुरवठा असणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे. सुलट आणि उलट अशा दोन कॉन्टॅक्टरची जोडी लागते आणि ते दोन्ही एकाच वेळी ओढले गेले तर दोन फेज सरळ एकमेकांना भिडतात. म्हणून एकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) संपर्क घालावा, आणि शिवाय दोघांच्या मध्ये यांत्रिक इंटरलॉकही बसवावा. सॉफ्टवेअरमधला इंटरलॉक हा तिसरा समजावा, पहिला कधीही नाही. सुलट बंद केल्यापासून उलट चालू होईपर्यंत निदान ०.१ सेकंदाची विश्रांती ठेवावी. कॉइल एसी असेल तर तिच्यावर रोध आणि कपॅसिटरचा सप्रेसर लावावा. २४ व्होल्ट डीसी असेल तर १एन४००७ डायोड उलटा जोडावा, म्हणजे त्याची पट्टी असलेली बाजू धन टोकाला येईल. हे लहान भाग लावायचा कंटाळा केला तर कॉइल सुटतानाचा झटका सेन्सरच्या वायरमध्ये शिरतो आणि मग दोष भलतीकडे शोधला जातो.

पहिल्यांदा वीज देताना कोणती काळजी घ्यावी?

वीज देण्यापूर्वी टरेट हाताने फिरवून पाहावा. बहुतेक टरेटमध्ये वर्म शाफ्टच्या टोकाला ॲलन की बसेल अशी षटकोनी खाच असते. तिथून डोके उचलणे, फिरणे आणि लॉक होणे हा सारा क्रम बोटांना जाणवतो. नंतर डोके मुद्दाम दोन जागांच्या मध्ये आणून ठेवावे आणि सुलट आज्ञा क्षणभरच द्यावी. फेजचा क्रम चुकला असेल तर नियंत्रकाच्या दृष्टीने सुलट असलेली आज्ञा प्रत्यक्षात लॉक आवळत राहते, अपेक्षित सेन्सर कधीच येत नाही, आणि वेळेची मर्यादा घातलेली नसेल तर मोटर जळते. दिशा उलट दिसली तर मोटरच्या कोणत्याही दोन वायर आपसात बदलाव्यात.

हॉल सेन्सरच्या वायर नियंत्रकाला कशा जोडाव्यात?

टरेटच्या वरच्या टोपीखाली एक चकती असते आणि तिच्यावर प्रत्येक जागेसाठी एक असे चार हॉल सेन्सर (चुंबक ओळखणारे सेन्सर) असतात. डोक्याबरोबर फिरणारे चुंबक ज्याच्या समोर येईल तो सेन्सर चालू होतो. बाहेर सहा वायर येतात: २४ व्होल्ट, शून्य व्होल्ट आणि चार सिग्नल. हे सेन्सर बहुधा एनपीएन ओपन कलेक्टर जातीचे असतात, म्हणजे चालू झाल्यावर ते सिग्नलची वायर शून्याकडे ओढतात आणि एरवी ती मोकळी सोडतात. मोकळ्या वायरवर मल्टिमीटर लावून काहीच कळत नाही, म्हणून अनेक जण चांगले सेन्सर बिघडले समजून बदलतात. सिग्नल आणि २४ व्होल्ट यांच्यामध्ये एक रेझिस्टर जोडला की चित्र स्पष्ट होते: चुंबक दूर असताना २४ व्होल्ट, समोर असताना जवळपास शून्य. २.२ किलोओहमच्या रेझिस्टरमधून सुमारे ११ मिलिॲम्पिअर वाहतात आणि त्यात पाव वॉटपेक्षा थोडी जास्त उष्णता होते, म्हणून तो अर्ध्या वॉटचा घ्यावा. पाव वॉटचा लावला तर तो कायम तापलेला राहतो.

नियंत्रकाचे इनपुट ऑप्टोकपलरचे (प्रकाशाने सिग्नल पुढे देणाऱ्या भागाचे) असेल आणि त्याचे सामाईक टोक २४ व्होल्टला जोडता येत असेल, तर वेगळ्या रेझिस्टरची गरज नसते, कारण ऑप्टोकपलरचा एलईडी आणि त्याचा स्वतःचा रेझिस्टर तेच काम करतात. संगणकाच्या पॅरलल पोर्टच्या साध्या बोर्डाला हे २४ व्होल्ट थेट लावू नयेत. ते इनपुट ५ व्होल्टचे असतात. प्रत्येक सिग्नलसाठी २.२ किलोओहम आणि पीसी८१७ ऑप्टोकपलर असा लहान बोर्ड स्वतः सोल्डर करता येतो आणि त्याचे सगळे सुटे भाग पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतात.

सेन्सर बरोबर दिसतो, तरी डोके मागच्या जागी जाऊन लॉक होते. का?

चकती थोडी फिरलेली असते. सिग्नल मिळताच नियंत्रक मोटर उलटवतो, पण त्या क्षणी डोक्याने हव्या त्या जागेचा खटका ओलांडलेला नसेल, तर मागे येताना ते मागच्या खटक्यालाच अडते आणि तिथेच लॉक होते. चकतीचा नट सैल करून, डोके खटक्याच्या किंचित पुढे गेल्यावर सिग्नल येईल अशी ती फिरवावी. पण लॉक झाल्यावरही तोच सेन्सर चालूच राहिला पाहिजे, नाहीतर नंतरची पडताळणी शक्य होणार नाही. या दोन अटींच्या मधली जागा फार रुंद नसते. मी ती शोधून चकती आणि बॉडीवर स्क्राइबरने एक बारीक रेघ ओढून ठेवली आहे.

स्पिंडल चालू असतानाच टूल चुकते. हे कशामुळे होते?

हे माझ्याच यंत्रावर घडले, म्हणून सविस्तर सांगतो. सेन्सरची केबल आणि स्पिंडलच्या व्हीएफडीतून निघणारी मोटरची केबल मी एकाच केबल चेनमधून नेली होती. स्पिंडल बंद असताना शेकडो वेळा टूल बरोबर बदलले. स्पिंडल फिरत असताना मात्र एकदा तिसऱ्या सेन्सरच्या वायरवर क्षणभर खोटा सिग्नल आला, डोके अजून मध्येच होते, नियंत्रकाने ते पोचले असे समजून मोटर उलटवली आणि डोके दुसऱ्या जागेवर मागे जाऊन लॉक झाले. माझ्या त्या वेळच्या मॅक्रोमध्ये (टूल बदलण्याच्या छोट्या प्रोग्राममध्ये) लॉक झाल्यावर सेन्सर पुन्हा वाचला जात नव्हता. नियंत्रकाच्या मते समोर बोअरिंग बार होता. प्रत्यक्षात पार्टिंग टूल होते, आणि ते बोअरिंगच्या वेगाने सरळ जॉबच्या तोंडावर गेले. ब्लेड तुटून उडाले. मी झाकणाच्या मागे उभा होतो, म्हणून इजा झाली नाही.

त्यानंतर मी केलेले बदल असे: व्हीएफडी ते मोटर ही केबल शील्डेड घेतली आणि तिचे शील्ड दोन्ही टोकांना अर्थ केले, सेन्सरसाठी वेगळी शील्डेड केबल वेगळ्या मार्गाने नेली आणि तिचे शील्ड फक्त पॅनेलच्या बाजूला अर्थ केले, सिग्नल सलग २० मिलिसेकंद टिकला तरच तो खरा मानायचा, असे फिल्टर लावले, आणि लॉकनंतरची पडताळणी घातली. यांपैकी पहिल्या तिघांमुळे चूक होण्याची शक्यता घटते, पण झालेली चूक पकडते ती चौथीच.

टूल बदलण्याचा क्रम सॉफ्टवेअरमध्ये कसा लिहावा?

आधी मागितलेले टूल सध्याच्या टूलपेक्षा वेगळे आहे का ते पाहावे. नंतर एक्स आणि मग झेड सुरक्षित जागी न्यावा, सुलट चालू करावे, हवा तो सेन्सर एकटाच चालू होण्याची वाट पाहावी, सुलट बंद करून थोडे थांबावे, ठरलेल्या वेळेपुरते उलट चालवावे, ते बंद करावे, आणि पुन्हा सेन्सर वाचून तोच एक चालू असेल तरच टूल बदलले असे जाहीर करावे. दोन सेन्सर एकदम चालू दिसले किंवा एकही दिसला नाही, तर ती चूकच मानावी. एका पूर्ण फेरीला लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट मर्यादा घालावी आणि ती ओलांडली की फीड आणि स्पिंडल दोन्ही थांबावीत. चूक झाल्यावर आपोआप पुन्हा प्रयत्न करणारा मॅक्रो लिहू नये. माणसाने येऊन पाहावे.

लिनक्ससीएनसी, माक३ आणि ग्रबल या नियंत्रण सॉफ्टवेअरपैकी कशात हे जमते?

लिनक्ससीएनसीमध्ये हे सर्वांत नीट जमते. त्यात कॅरोसेल नावाचा तयार घटक आहे. तो प्रत्येक जागेला वेगळा सेन्सर असलेली रचना समजतो, एकाच दिशेने फिरणारा टरेट समजतो, आणि रॅचेटच्या, म्हणजे मागे येऊन खटक्याला अडणाऱ्या टरेटसाठी उलट फिरवण्याचा काळही त्यात ठरवता येतो. लॉकनंतरची पडताळणी हॅलमध्ये (घटक एकमेकांना जोडणाऱ्या त्याच्या थरात) किंवा त्यातल्याच क्लासिक लॅडरमध्ये (रिलेच्या आकृतीसारखा तर्क लिहिण्याच्या सोयीत) जोडता येते. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी: एम६ या टूल बदलण्याच्या आज्ञेने टूल बदलले तरी त्याचा ऑफसेट जी४३ ही आज्ञा दिल्याशिवाय लागू होत नाही. फॅनक कंपनीच्या नियंत्रकांच्या सवयीने टी०१०१ (टूल आणि ऑफसेट एकत्र मागणारी आज्ञा) लिहिणाऱ्यांची इथे हमखास चूक होते. माक३ मध्ये हेच काम एम६स्टार्ट या मॅक्रोत लिहावे लागते. मूळ ग्रबल एम६ स्वीकारत नाही, त्यामुळे टरेटसाठी ते निवडू नये.

उलट फिरवण्याचा वेळ किती ठेवावा?

साधारण एक ते दीड सेकंदापासून सुरुवात करावी. वेळ कमी पडला तर डोके नीट आवळले जात नाही. जास्त झाला तर अडलेली मोटर तापते. थर्मल ओव्हरलोड रिले अवश्य लावावा, पण तो हळू तुटतो, म्हणून दोन-तीन सेकंदांनंतर कोणत्याही परिस्थितीत उलटचा पुरवठा तोडणारा स्वतंत्र टायमर रिलेही असावा. संगणक अडकला तर तोच मोटर वाचवतो. योग्य वेळ शोधण्यासाठी ०.१ सेकंदाने वाढवत जावे, दर वेळी टूलच्या टोकाला हाताने ढकलून डायल पाहावा, आणि वाचन स्थिर झाले की त्याच्यावर थोडी भर घालून थांबावे. हिवाळ्याच्या सकाळी ग्रीस घट्ट असते, म्हणून ही चाचणी थंड यंत्रावर करावी.

इमर्जन्सी स्टॉप आणि अर्थिंग कसे असावे?

लाल बटणाने टरेटच्या मोटरचा आणि स्पिंडलचा पुरवठा कॉन्टॅक्टरमार्फत प्रत्यक्ष तुटला पाहिजे. फक्त संगणकाला निरोप देणारे बटण पुरेसे नाही. लेथची बॉडी, टरेटच्या मोटरची बॉडी, पॅनेल आणि त्याचे दार या प्रत्येकापासून हिरवी-पिवळी वायर एकाच अर्थ पट्टीवर आणावी. एकावरून दुसऱ्यावर अशी साखळी करू नये. बारीक तारांच्या वायरला फेरूल (टोकावर दाबायच्या धातूच्या लहान नळ्या) लावावेत, कारण लेथच्या कंपनाने नुसत्या पिळलेल्या तारा स्क्रूखालून सुटतात. २३० व्होल्टच्या भागात हात घालण्याचा सराव नसेल, तर तेवढे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्यावे.

टूल कोणत्या क्रमाने लावावीत?

डोके फिरताना सर्वांत लांब टूलचे टोक जे वर्तुळ काढते, त्यात चक, जॉब किंवा टेलस्टॉक येता कामा नये. बोअरिंग बार किंवा ड्रिल लावल्यावर हे वर्तुळ एकदम मोठे होते. अक्षापासून टोकापर्यंतचे अंतर पट्टीने मोजून टूल बदलण्याची सुरक्षित जागा त्यावरून ठरवावी, आणि टूल बदलले की ती पुन्हा ठरवावी. कामात एकापाठोपाठ लागणारी टूल फिरण्याच्या दिशेने ओळीने लावली तर वेळ वाचतो.

कीस आणि कूलंट यांपासून टरेट कसा वाचवावा?

डोके वर उचलले जाते तेव्हा दोन्ही रिंगांमध्ये फट पडते आणि कूलंटबरोबर कीस आत जातो. १०० मिलिमीटरच्या रिंगच्या एका कडेला ०.०५ मिलिमीटरचा, म्हणजे केसाहून पातळ कण अडकला, तरी डोके इतके कलते की रिंगच्या ६० मिलिमीटर वर असलेले टोक ०.०३ मिलिमीटर सरकते आणि व्यास ०.०६ ने चुकतो. पितळेचा सुईसारखा कीस यात सर्वांत वाईट. टूल बदलण्यापूर्वी कूलंट बंद करण्याची आज्ञा प्रोग्राममध्ये घालावी, टरेटच्या घेराला रबराची झालर लावावी, आणि हवेच्या गनने रिंगच्या दिशेने कधीही फुंकू नये, कारण त्याने कीस बाहेर येण्याऐवजी आत जातो. दोन-तीन महिन्यांनी टोपी काढून डोके उतरवावे, दाते केरोसीन आणि ब्रशने धुवावेत, कोरड्या सुती फडक्याने पुसावेत आणि त्यांच्यावर तेलाचा नुसता हात फिरवावा. जाड ग्रीस फक्त वर्म आणि स्क्रूला लावावे, दातांना नाही. डोके परत बसवल्यावर चकतीवरची रेघ जुळवावी, वीस फेऱ्यांची डायलची चाचणी पुन्हा घ्यावी आणि वाचने मागच्या वेळच्या पानाशेजारी लिहावीत.